पहिलीचं वर्ष : पालकांनी काय अपेक्षा ठेवावी?

आंधळगावात कोसा विणणाऱ्यांना हे सांगायला नको, की आधी ताणा नीट लागला पाहिजे. कापड नंतर दिसतं. पहिलीचं वर्ष म्हणजे ताणा लावण्याचं वर्ष.

आपल्या विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, आणि लगेच धानाची रोवणी लागते. घरचे सगळे बांधीत, लेकरू कधी शाळेत तर कधी धुऱ्यावर. वर्गात तेव्हाच अक्षरओळख सुरू झालेली असते. त्या दिवसांत बुडालेलं पुढे लवकर भरून निघत नाही. म्हणून निदान रोवणीत तरी शाळा चुकवू नका.

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं असतं. वर्षाचे तास किती? ८,७६०. म्हणजे दहातला एक तासही शाळेचा नाही! बाकीच्या वेळात लेकराशी बोला, गोष्ट सांगा, शेंगा मोजायला लावा.

दिवाळीपर्यंत धडाधडा वाचेल, असं समजू नका. २०२१ च्या ‘निपुण भारत’ मध्ये समजून वाचणं आणि साधं गणित येण्याची मुदत तिसरीच्या अखेरीपर्यंत आहे. पण तोवर गप्पही बसू नका. गुरुजींना ‘मार्क किती?’ असं नाही, तर ‘काय वाचता येतं?’ असं विचारा.

आणि जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालकच असतात. ती खुर्ची तुमचीच आहे, रिकामी ठेवू नका.