सोळा नावे

मार्च २०१६ ते सप्टेंबर २०१७ अशी दीड वर्षे आमच्या वसईच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू झाल्या की एक नाव ठरलेले असे: फादर टॉम. येमेनमधल्या एडन शहरात मदर तेरेसांच्या धर्मभगिनी वृद्धाश्रम चालवत. ४ मार्च २०१६ रोजी तिथे बंदूकधारी शिरले, त्यांनी सोळा माणसे मारली आणि केरळचे सालेशियन धर्मगुरू टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेले. ओमानच्या मदतीने ते सुटले, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

त्या सोळांत चार धर्मभगिनी होत्या, हे आम्हा सगळ्यांना पाठ होते. उरलेले बारा कोण, हे मी फार उशिरा वाचले. कुणी इथिओपियातून पोटासाठी आलेले, तर कुणी येमेनी मुसलमान. पहारा देणारे, स्वयंपाक करणारे, गाडी चालवणारे. ज्या आश्रमात ख्रिस्ती बायका मुसलमान म्हाताऱ्यांना अंघोळ घालत, भरवत, त्याच आश्रमात मुसलमान कामगार त्यांच्याबरोबर मेले. दीड वर्ष आम्ही प्रार्थना केली आणि या बारांपैकी एकाचेही नाव घेतले नाही. चर्च आणि इस्लाम यांच्या साठ वर्षांच्या संबंधांविषयी लिहायला बसले, तर ही माणसे समोरून हलेनात.

साठ वर्षे अशासाठी, की २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र मंजूर केले. बाजूने मते २२२१, विरोधात ८८. मुसलमान एकाच परमेश्वराची उपासना करतात, येशूला देव मानत नसले तरी पैगंबर मानतात, मरियेचा मान राखतात, असे चर्चने त्यात आदराने लिहिले. शतकानुशतकांची भांडणे विसरून समजूतदारपणे एकत्र या, असेही सांगितले. घोषणापत्र मला मोलाचे वाटते, पण त्यातले हे 'विसरा' मला कधीच पटले नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला विसर म्हणायचा अधिकार कुणाला असतो?

पोपमहोदयांच्या भेटीगाठी वर्तमानपत्रांत येतात, म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक असतात. जॉन पॉल दुसरे ६ मे २००१ रोजी दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. १२ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठात बेनेडिक्ट सोळावे श्रद्धा आणि विवेक या विषयावर बोलले आणि बोलता बोलता एका जुन्या बायझंटाईन सम्राटाचे पैगंबरांविषयीचे कठोर वाक्य त्यांनी वाचून दाखवले. व्याख्यान मागे पडले, वाक्य जगभर गेले. संतापाच्या त्या दिवसांत, १७ सप्टेंबरला, सोमालियात मोगादिशू इथे नर्सेसना शिकवणाऱ्या इटालियन धर्मभगिनी लिओनेल्ला स्गोर्बाती यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्याबरोबर त्यांचा सोमाली मुसलमान अंगरक्षकही मारला गेला. पुन्हा तेच: एक नाव आम्हाला माहीत, दुसरे नाही. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबरला १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांना खुले पत्र लिहिले. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती ही आपली सामाईक भूमी आहे, असे त्यात कुराण आणि बायबल दोन्हींचे दाखले देऊन मांडले होते. रागावलेल्या जगाला इतके शांत उत्तर क्वचितच कुणी दिले असेल.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस अबुधाबीला गेले आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब यांच्यासह त्यांनी मानवी बंधुत्वाच्या जाहीरनाम्यावर सही केली. असिसीचा संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला भेटला, त्याला तेव्हा बरोबर आठशे वर्षे झाली होती. धर्मांची विविधता ही देवाचीच इच्छा आहे, या जाहीरनाम्यातल्या वाक्यावरून चर्चमध्येच वाद पेटला. दुसऱ्या दिवशी मैदानातल्या मिस्सेला लाखाहून अधिक लोक आले: फिलिपिनो, केरळी, गोवेकर, आमचे वसईकर. माझा आतेभाऊ त्यांत होता. तिथली सुट्टी तेव्हा शुक्रवारी असे, म्हणून वर्षानुवर्षे तो शुक्रवारीच सेंट जोसेफ चर्चमध्ये मिस्सेला जाई. त्या परिसरातल्या मशिदीचा फोटो त्याने मला पाठवला होता. २०१७ साली तिला 'मरियम, उम्म ईसा' असे नवे नाव मिळाले. म्हणजे मरियम, येशूची आई. तो फोटो मी आईला दाखवला. ती म्हणाली, "मग काय, आपलीच की." आईचे बरोबरच होते. पण शेजारच्या सौदी अरेबियात आजही चर्च उभारता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. आतेभावाने दोन्ही गोष्टी मला एकाच फोनमध्ये सांगितल्या होत्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले, पादत्राणे काढून आत फिरले, पण प्रार्थनेसाठी थांबले नाहीत. त्यावर दोन्हीकडून पुष्कळ बोलले गेले. त्यात मला फारसे काही सापडले नाही.

मला जे सापडले ते अल्जीरियात. १९९० नंतरच्या यादवीत तिथे फार मोठा रक्तपात झाला आणि मेलेल्यांत मुसलमानच बहुसंख्य होते. अ‍ॅटलास डोंगरातल्या तिबिरीनच्या मठात फ्रेंच संन्यासी राहत. ब्रदर लुक डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यापुढे गावकऱ्यांची रांग लागे. मठातली एक खोली गावाला नमाजासाठी दिलेली होती. तुम्ही निघून जा, असे सरकारपासून अनेकांनी सांगितले, पण गावाला सोडून जायला ते तयार झाले नाहीत. मार्च १९९६ मध्ये सात जणांना पळवून नेले आणि मे महिन्यात त्यांची फक्त शिरे मिळाली. मठाधिपती क्रिस्तियान द शेर्जे यांनी आधीच मृत्युपत्र लिहून ठेवले होते. माझ्या मरणाचा भार अल्जीरियाच्या लोकांवर किंवा इस्लामवर टाकू नका, ही त्यातली तळमळ आहे.

ओरानचे बिशप पिएर क्लाव्हेरी अल्जीयर्समध्येच, वसाहतीतल्या फ्रेंच घरात जन्मले. आजूबाजूच्या अरबांना आपण लहानपणी पाहिलेच नाही, याची खंत त्यांना जन्मभर होती. मोठेपणी ते अरबी शिकले. १ ऑगस्ट १९९६ च्या रात्री निवासस्थानाच्या दारात बॉम्ब फुटून ते गेले. त्यांची गाडी चालवणारा मोहम्मद बुशिखी, वय वर्षे एकवीस, त्यांच्याबरोबर गेला. या बिशपाबरोबर राहणे धोक्याचे आहे, हे त्याला ठाऊक होते. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरानमध्ये एकोणीस ख्रिस्ती हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले. बुशिखी मुसलमान, म्हणून त्या यादीत तो बसत नव्हता.

अल्जीरिया सांगून पाकिस्तान झाकणे मात्र मला मान्य नाही. आसिया बीबी ही ख्रिस्ती बाई ईशनिंदेच्या आरोपाखाली २००९ पासून तुरुंगात होती आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर ४ जानेवारी २०११ रोजी आपल्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांनी गेले. दोन महिन्यांनी ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये जरांवाला इथे चर्च आणि ख्रिस्ती वस्ती जाळली गेली. ईशनिंदेचा असा कायदा असेपर्यंत तिथल्या ख्रिस्ती झाडूवाल्याला शेजाऱ्याशी भांडायचीही सोय नाही. हे आपण मोठ्याने बोललेच पाहिजे. आणि बोलताना तासीर मुसलमान होते, हे गाळता कामा नये.

आपल्या घरचे दुखणे केरळात आहे. प्रश्नपत्रिकेत पैगंबरांचा अपमान केला, या आरोपावरून प्रा. टी. जे. जोसेफ यांचा हात ४ जुलै २०१० रोजी तोडला गेला, मिस्सेहून घरी परतताना. त्यानंतर चर्चच्याच कॉलेजने त्यांना कामावरून काढले. २०१४ साली पत्नीच्या मृत्यूनंतर, निवृत्तीच्या तोंडावर, परत घेतले. हल्लेखोरांचा मला राग येतो. पण आपल्या जखमी माणसाला आपणच दारात उभे केले नाही, याची लाज त्याहून खोल आहे. मुनंबमच्या किनाऱ्यावर सहाशे कुटुंबे, बहुतेक कॅथलिक कोळी, वक्फच्या दाव्यामुळे आपल्याच घराचा कर भरू शकेनात. त्यांचे उपोषण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. वसईच्या कोळीवाड्यात वाढलेल्या मला त्यांची भीती समजते. मुस्लिम लीगचे नेते पाणक्काड सादिक अली तंगळ त्या दिवसांत वरापुळाच्या आर्चबिशपांच्या घरी जाऊन बसले, याची बातमी आमच्या फोनांवर आली नाही. भडकवणाऱ्या चित्रफिती मात्र रोज आल्या.

दोन नोव्हेंबरला, दिवाळीच्या आगेमागे, आमच्याकडे मृतांचा दिवस असतो. आदल्या आठवड्यात कबरी धुऊन त्यांवर झेंडूची फुले घालतात आणि संध्याकाळी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. ज्यांच्यासाठी मिस्सा हवी त्यांची नावे कागदावर लिहून फादरांकडे द्यायची. माझ्या कागदावर बाबा, आजी, धाकटी मावशी असतात. यंदा त्यांच्याखाली मी मोहम्मद बुशिखी लिहिले आहे. एडनची बारा नावे मात्र अजून मिळवायची आहेत.