छातीभर पाणी

इनामगावात घोड नदीकाठी आमचं रान. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. पन्नाशीत वजन वाढलं, कंबर धरली. डॉक्टरांना दाखवून पुन्हा पाण्यात उतरलो, पण विहिरीत नव्हे. पुण्यात लेकीकडे राहून, उथळ तलावात. छातीभर पाण्यात पायांवर शरीराचं साधारण ३० टक्केच वजन येतं. म्हणून पहिले पंधरा दिवस नुसता चाललो. मग पाठीवर पडून, हलके पाय मारत अर्धी लांबी. दम खाऊन परत तेवढीच. लहानपणापासून मी बेडकासारखा, मान वर काढून पोहायचो. त्यानं कंबरेला बाक येतो. ते सोडणं जिवावर आलं. सूर मारणंही बंद. पायात कळ उतरली की लगेच बाहेर. परवा उसाला तासभर दारं धरली.