पाला जाळू नका, जिरवा



मार्च उजाडला की वस्तीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. झाडे पाने टाकू लागतात आणि १४ एप्रिलची तयारी लागते. विहाराचे अंगण, ध्वजाचा कट्टा, गल्ल्या झाडून लख्ख होतात. मग कोपऱ्यात ढीग केलेल्या पाल्याला कुणीतरी काडी लावतो आणि "झालं साफ" म्हणून आपण घरी जातो. पण तो पाला जातो कुठे? धूर होऊन आपल्याच घरात शिरतो आणि आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

आम्ही दवाखान्यात नर्स होतो तेव्हाची गोष्ट. जयंतीला तीन-चार दिवस होते. सकाळी एक आजी चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आली. पोराची छाती सूं-सूं वाजत होती, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. डॉक्टरांनी नेब्युलायझर लावायला सांगितले. मशीन चालू असताना आम्ही विचारले, "काय झालं आजी? थंड काही प्याला का?" ती म्हणाली, "काही नाही सिस्टर. मी विहारापुढं पाला पेटवला, हा तिथंच खेळत होता." तिच्या पातळाला तेव्हाही धुराचा वास येत होता.

आजीचे काय चुकले? पहाटे उठून तिने सगळ्यांसाठी अंगण झाडले होते. धूर पोराला बाधेल हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही. औषध देऊन घरी पाठवले की आपले काम संपले, असे तेव्हा आम्हाला वाटायचे. म्हणून आज हे लिहितो आहोत.

धुरात काय असते?

पाला वाळलेला दिसला तरी ढिगाच्या आत ओल असते. त्यामुळे तो भडकून जळत नाही, धुमसतो. धुमसणाऱ्या ढिगातून धूर जास्त निघतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि अतिशय बारीक कण असतात. त्यांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढे ते बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात.

शिवाय ढिगात नुसता पाला कधीच नसतो. गुटख्याच्या पुड्या, पिशव्या, थर्माकोलची ताटे, जुन्या फ्लेक्सचे तुकडे असतात. फ्लेक्स बहुधा पीव्हीसी प्लास्टिकचा असतो. तो जळाला की डायऑक्सिनसारखी विषे तयार होतात. ढिगात स्प्रेचा डबा किंवा बॅटरी असेल तर ती फुटून भाजण्याची भीती वेगळीच.

सकाळी थंड हवा जमिनीलगत दबून असते, त्यामुळे धूर वर जात नाही. आपल्या गल्ल्या अरुंद, घरे पत्र्याची, एकाला एक लागून. बंगल्याच्या बागेत पेटवलेला धूर पांगायला जागा असते. वस्तीतला धूर एका दारातून शिरतो आणि दुसऱ्या घरात जातो. लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे, दम्याचे, टीबीचे आणि हृदयाचे रुग्ण यांना त्याचा त्रास सगळ्यांत आधी होतो.

लोक म्हणतात...

"धुराने डास पळतात." धूर असेपर्यंत थोडे पळत असतील. पण डासाची अंडी पाण्यात असतात. आठवड्यातून एकदा पिंप, टाकी, कुंडीखालची ताटली रिकामी करून घासून कोरडी केली तर डास खरे कमी होतील.

"कडुनिंबाचा धूर औषधी असतो." फुफ्फुसाला झाडाचे नाव कळत नाही. कडुनिंबाच्या धुरातही तेच बारीक कण असतात.

"राख खताला चालते." राखेत थोडे पोटॅश उरते. पण झाडाला लागणारे नत्र धुराबरोबर उडून जाते. तोच पाला कुजवला तर पोटॅश आणि नत्र दोन्ही मातीत राहतात.

मग पाल्याचे करायचे काय?

जागा कमी असेल तर धान्याचे रिकामे पोते घ्या. त्याला चारी बाजूंनी बोटाएवढी भोके पाडा. पाल्यातले प्लास्टिक, काच, काटे वेचून काढा. वेचताना ढिगात हात घालू नका, आधी काठीने उलथा. पाल्यात विंचू, साप असू शकतो.

पोत्यात वीतभर पाला भरा, पायाने दाबा, पाणी शिंपडा. त्यावर मूठभर शेण, आंबट ताक किंवा जुनी माती टाका. पुन्हा पाला. असे थर देत पोते भरा आणि सावलीत ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा उलथून घ्या. घरातली भाजीची देठे, चहाचा चोथा घालायचा असेल तर तीन भाग पाल्याला एक भाग ओला कचरा हे प्रमाण ठेवा. उरलेला रस्सा, मटण, मासळी घालू नका. त्याला वास सुटतो, उंदीर येतात. बी धरलेले गाजर गवतही नको.

विहाराच्या आवारात जागा असेल तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तीन फूट उंचीची जाळी दहा फूट आणा. तिची टोके तारेने बांधली की तीन फूट रुंद गोल कणगी होते. पाला त्यात वरच्यासारखाच थर देऊन भरा. पावसाळ्यात वरून जुना फ्लेक्स झाका, बाजू मोकळ्या ठेवा. जयंतीचा फ्लेक्स जाळण्यापेक्षा इथे कामाला येतो.

ओल बरोबर आहे का, हे मुठीत दाबून पाहा. एखाद-दुसरा थेंब निघाला की ओल ठीक. वास आला तर पाणी जास्त झाले, कोरडा पाला मिसळा. मुंग्या झाल्या तर कोरडे पडले, पाणी द्या. कडुनिंबाचा पाला लवकर कुजतो. पिंपळाचे आणि आंब्याचे पान चिवट, त्याला वेळ लागतो. म्हणून ते आधी तुडवून चुरा करा. तीन-चार महिन्यांत, चिवट पान असेल तर सहा महिन्यांत, काळे भुसभुशीत खत होते. पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास आला की खत तयार. एक भाग खत आणि तीन भाग माती घालून डब्यात मेथी, मिरची, टोमॅटो लावा. ज्यांना दमा आहे त्यांनी पाला उलथायचे काम दुसऱ्याला द्यावे. बाकीच्यांनीही नाकाला फडके बांधावे.

जाड फांद्या कुजायला फार वेळ घेतात. त्या वेगळ्या बांधून पालिकेच्या गाडीला द्या.

झाडूवाल्याला बोल लावू नका

रस्त्यावरचा पाला बऱ्याचदा सफाई कामगार पेटवतात. ते कुणाचे कोण आहेत, हे आपल्याला सांगायला नको. आपल्यातलेच अनेक जण त्या कामात आहेत. गाडी येत नाही, पाला टाकायला जागा दिलेली नाही, तो माणूस काय करणार? सगळ्यांत जवळून धूर तोच घेतो.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली होती. बागेचा पाला वेगळा ठेवून स्थानिक संस्था सांगेल तसा द्यावा, असेही त्यात म्हटले होते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साधा कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. दंडाची भीती घालायला आम्ही हे सांगत नाही. लोकांनी पाला जाळू नये असा नियम असेल तर तो उचलायची सोय पालिकेने करायला हवी, हे आपण ठणकावून विचारू शकतो. महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा: पानगळीच्या महिन्यांत पाल्यासाठी वेगळी गाडी किंवा जागा द्या, कामगारांना मास्क आणि हातमोजे द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

धूर लागलाच तर

रुग्णाला लगेच मोकळ्या हवेत न्या. डोळे पाण्याने धुवा. दम्याचा पंप असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास होत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरगड्यांखाली खड्डा पडतो, बाळ दूध ओढत नाही, मोठ्या माणसाला एक वाक्य सलग बोलवत नाही, ओठ निळे पडले किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

त्या आजीचा नातू त्या दिवशी दुपारी घरी गेला. प्रत्येक पोर असे वेळेवर पोहोचतेच असे नाही. यंदा जयंतीच्या साफसफाईला निघाल तेव्हा झाडूबरोबर चार पोती घेऊन निघा. काडेपेटी घरीच ठेवा. त्या पोत्यांतले खत पावसाळ्यात विहाराच्या अंगणातल्या रोपांना घालता येईल.