कथेचा खेळ आणि त्याचा सूत्रधार

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं सोंगट्या, बुद्धिबळें किंवा पत्ते खेळले असतील. ज्या खेळाचें विवेचन येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे तो यांहून निराळा आहे. त्यांत पट लागतोच असें नाहीं, आणि कोणी कोणास हरवावयाचेंही नसतें. चार-पांच मित्र टेबलाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, "नदीला पूर आला आहे, नाव पलीकडे आहे, तुम्ही काय करितां?" खेळणारे आपापल्या पात्राच्या वतीनें उत्तर देतात. जेथें यशाविषयीं संशय असेल तेथें फांसे टाकून निर्णय घ्यावयाचा. अनेक बैठकींत चालणाऱ्या अशा एका लांब कथेस मोहीम म्हणतात.

या खेळाचें मूळ युद्धाच्या खेळांत आहे. १८२४ सालीं प्रशियांत राइसविट्झ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें नकाशा, फांसे व पंच यांच्या साह्यानें युद्धाचा अभ्यास करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक खेळणाऱ्याच्या हातीं सैन्याऐवजीं एकच व्यक्ति आली. आपल्या लोकांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. जुन्या तमाशांतील वगाचे संवाद बहुधा लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा ठाऊक असे, आणि बोलणें उभ्या जागीं सुचत जाई.

आतां मोहीम रचावी कशी? नवा सूत्रधार बहुधा घरीं बसून सारी कथा आधींच ठरवितो आणि मग खेळणाऱ्यांस तिच्यांतून हांकीत नेतो. असें झालें म्हणजे त्यांचें उत्तर कांहींही असो, परिणाम एकच होतो. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीस मुलें जांभया देऊं लागतात. आमच्या मतें क्रम उलटा असावा. प्रथम पात्रें, मागाहून कथा.

याकरितां पहिली बैठक केवळ पात्रें घडविण्यांत घालवावी. सूत्रधारानें काळ व स्थळ तेवढें सांगावें आणि प्रत्येकास तीन प्रश्न विचारावे. तुझ्या पात्रास काय हवें आहे? कोणास तें कदापि सोडणार नाहीं? त्याच्या आयुष्यांतील कोणती गोष्ट अद्याप उलगडावयाची राहिली आहे? उत्तरें कागदावर टिपून घ्यावीं. मोहिमेचें भांडवल तेंच.

एक उदाहरण घेऊं. काळ १९०० सालचा, स्थळ खानदेश. तेव्हां जळगांव व धुळें मिळून एकच जिल्हा होता. त्याची विभागणी १९०६ सालीं झाली. आदल्या वर्षी पाऊस बुडाल्यामुळें दुष्काळ भरांत होता, आणि त्याच १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यास जाणारा रेल्वेचा फांटा सुरू झाला. एवढें सांगितल्यावर समजा, तिघांनीं तीन पात्रें केलीं. पहिला, धुळें-चाळीसगांव रस्त्यावरील गाडीवानाचा मुलगा. रेल्वेमुळें भाडें गेलें, चारा मिळेना, आणि बैलजोडी तर जगवावयाची. दुसरी, सातपुड्याच्या पायथ्याची भिल्ल मुलगी; तिचा थोरला भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडण्यास गेला तो परत आला नाहीं. तिसरा, त्या कामावरील कारकून. हजेरीपटांत खोटीं नांवें आहेत हें तो जाणतो, पण घरचीं पांच माणसें त्याच्या पगारावर जगतात.

सूत्रधाराचें कौशल्य हे धागे एकत्र गुंफण्यांत आहे. हजेरीपटांतील खोट्या नांवांत हरवलेल्या भावाचें नांव असावें, रोज हजर म्हणून मांडलेलें! त्याला शेवटचा पाहिला तो गाडीवानाच्या बापानें. आतां तिघांस एकमेकांवांचून गत्यंतर नाहीं. कारकुनानें पट उघडा केला तर मुलीस भावाचा माग लागेल, परंतु त्याची नोकरी जाईल. तो काय करील, हें सूत्रधारानें ठरवूं नये. उघडा केला, लपविला, किंवा मुकादमाशीं सौदा केला, तर पुढें काय घडेल एवढेंच त्यानें मनाशीं तयार ठेवावें. प्रत्येक बैठकींत एकाची अडचण पुढें आणावी व इतरांच्या अडचणींस तिचा स्पर्श होऊं द्यावा. म्हणजे गप्प बसणाऱ्या मुलाचीही पाळी येते, आणि बडबड्या मुलास ऐकून घेण्याची संवय लागते.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. खेळणाऱ्यानें आपल्या पात्रास भाऊ, आई किंवा गुरु दिला, तर तो विश्वासानें सूत्रधाराच्या हवालीं केलेला असतो. केवळ खळबळ उडवावी म्हणून त्याला ठार मारूं नये. तसें केल्यास पुढील खेपेस मुलें अनाथ व निःसंग पात्रेंच आणतील, आणि कथेस धरावयास धागा उरणार नाहीं. कोणता विषय टेबलावर नको, हेंही पहिल्याच बैठकींत विचारावें. ज्याच्या घरीं खरोखर दुःख घडलें आहे त्याचें दुःख खेळाचें साधन होतां कामा नये.

फांसे दिसतांच जुगाराची शंका घेणाऱ्या पालकांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, येथें पैसा लावावयाचा नसतो आणि साहित्यही कागद, पेन्सिल व फांसे एवढेंच लागतें. तथापि लाभ थोडा नाहीं. १९०० सालचा खानदेश उभा करावयाचा तर मुलांस आजी-आजोबांस प्रश्न विचारावे लागतील, नकाशा उघडावा लागेल, बैलजोडीस दिवसाला चारा किती लागतो याचा हिशेब करावा लागेल. आणि पट उघडावा कीं नाहीं, या प्रश्नावर कारकुनाचें पात्र घेतलेला विद्यार्थी क्षणभर थांबला, तर त्या क्षणीं तो दुसऱ्याच्या घरच्या पांच माणसांचा विचार करीत असतो. येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा, अशी आमची शिफारस आहे.