सोयाबीनच्या देठावर दोन चकत्या दिसल्या? चक्रीभुंगा ओळखा, वेळीच आवरा

सावनेर : सोयाबीनचं वावर वरून हिरवंगार, पण मधातच एखादं पान नाहीतर शेंडा मान टाकून सुकलेला. बरेच जण याला पाण्याचा ताण समजतात. सुकलेल्या भागाच्या खाली बारकाईने पाहा. देठावर किंवा फांदीवर ब्लेडने कापल्यासारख्या दोन गोल खाचा दिसल्या, तर तो चक्रीभुंगाच.

भुंगा जेमतेम 7 ते 10 मिलिमीटरचा. डोकं नारिंगी, पंखांचा मागचा भाग काळपट, मिशा जवळपास अंगाएवढ्या लांब.

चकत्या कशासाठी?

मादी एक-दीड सेंटिमीटर अंतरावर दोन चकत्या कुरतडते आणि मधल्या जागेत अंडं घालते. चकतीमुळे वर जाणारा रस तुटतो, म्हणून वरचा भाग वाळतो. अंड्यातून निघालेली पिवळसर, बिनपायाची अळी देठातून खोडात शिरते आणि आतलं खात खाली उतरते. पूर्ण वाढलेली अळी जमिनीपासून साधारण 15 ते 25 सेंटिमीटरवर खोड आतून कापते. शेंगा लागलेलं झाड तिथूनच मोडून पडतं. खरा फटका हाच.

खोडमाशीशी गल्लत करू नका. खोडमाशीने चकत्या पडत नाहीत. खोड चिरलं की आत लालसर नागमोडी भुयार दिसतं.

काय करावं?

- आठवड्यातून दोनदा वावरात फिरा. चकतीच्या खालून देठ, फांदी तोडा आणि वावराबाहेर नेऊन नष्ट करा. अळी खोडात उतरण्याआधी हे झालं तर झाड वाचतं.
- पेरा दाट करू नका, युरिया जास्त टाकू नका.
- धुऱ्यावर ढेंचा लावला तर भुंगे तिकडे ओढले जातात.
- सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.
- एक मीटर ओळीत 3 ते 5 झाडांवर चकत्या दिसल्या तरच रासायनिक फवारणी करा. क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के, 10 लिटर पाण्यात 3 मिली. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा विसरू नका. मास्क, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका.
- काढणीनंतर कुटार, धसकटं वावरात पडू देऊ नका. अळी त्यातच दडून पुढच्या हंगामापर्यंत राहते.

शंका असेल तर चकती असलेली फांदी तोडून सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. नुसतं वाळलेलं पान दाखवून दुकानातून औषध आणू नका.