वाघ नसलेल्या जंगलात काय पाहायचं?

पेण तालुक्यातल्या जित्याहून पनवेलकडे निघालं आणि खारपाड्याला पाताळगंगेचा पूल ओलांडला, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ सालचं. पुढे त्याची हद्द वाढली, तरी ते जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं आहे. जिप्सीतून ताडोबा पाहून आलेल्याला हे जंगल वाटतच नाही. पण सह्याद्रीतलं रान पायी पाहण्यातच मजा आहे. तिबोटी खंड्याचंच घ्या. चिमणीहूनही लहान असलेला हा रायगडचा जिल्हा पक्षी पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीत बोगद्यासारखं बीळ कोरतो आणि सरडे, बेडूक, खेकडे आणून पिल्लांना भरवतो. गाडीच्या खिडकीतून तो दिसणार नाही. त्यासाठी ओढ्यापासून दूर, न बोलता बसावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, महामार्गाला खेटलेल्या एवढ्याशा जंगलात उरलंय तरी काय? पक्ष्यांच्या दीडशेहून अधिक जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. भृंगराज आणि स्वर्गीय नर्तक त्यांतलेच. मोठं रानच हवं असेल, तर मुरूड-रोह्याच्या डोंगरांत फणसाड आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. तिथे शेकरू आहे, बिबट्याही आहे, पण तो दिसेल या आशेवर जाऊ नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एवढ्या लहान रानात माणसांनी जावंच कशाला? गर्दीचा त्रास होतो, हे खरंच. त्यातही सहलीला आलेल्यांना बोल लावणं सोपं. खंड्याच्या बिळासमोर कॅमेरे रोखून तासन्‌तास ठाण मांडणारे हौशी छायाचित्रकार मात्र नामानिराळे राहतात. समोर माणूस असला की चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी बिळात शिरत नाही आणि पिल्लं उपाशी राहतात. तरीही फाटक बंद करणं हा उपाय मला पटत नाही. जे रान कोणी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी रस्ता रुंदीकरणाच्या वेळी भांडणार कोण? पायवाट न सोडण्याचा आणि विणीच्या काळात बिळांपासून लांब राहण्याचा नियम कडक करावा, हे बरं.

कर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: सुळक्यावर आग्यामोहळं असतात. तिथे अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका.