खान्देशचं ऊन आणि रुळाच्या पोटातली भेग
मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हातला रूळ साठीच्या घरात तापतो. मोकळा ठेवलेला एक किलोमीटर रूळ ४० अंशांनी तापला, तर साधारण ४६ सेंटिमीटर लांबेल. पण वेल्डिंग करून सलग जोडलेल्या रुळाला लांबायला जागाच नसते. तो सगळा ताण आत साठतो आणि खडीची पकड ढिली असेल तर रूळ आडवा वाकतो. थंडीत उलटं होतं: आकसणाऱ्या रुळात आत भेग असेल, तर ती उघडते. रोज पायी फिरणाऱ्या कीमनला रूळ पकडून ठेवणारी चावी सैल झालेली दिसते, हातोडीने ठोकताही येते. पोलादाच्या पोटातली भेग मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला अल्ट्रासॉनिक यंत्रच लागतं.

ही तपासणी किती दिवसांनी करायची, हे मुख्यतः मार्गावरून जाणाऱ्या वजनावर ठरतं. हिशेब बरोबरच आहे, कारण चाकांच्या भारानेच भेग वाढते. तरीही चाळीसगाव-धुळे शाखामार्गावर गाड्या कमी म्हणून ऊन आणि त्याने साठणारा ताण काही कमी होत नाही! अशा शाखामार्गांवरही रुळाचं तापमान सतत नोंदवणारे सेन्सर हवेत, असं मला वाटतं. खर्चाचा आक्षेप येईल, पण सेन्सर प्रत्येक मीटरला लागत नाहीत; नेमके वळणांजवळ आणि पुलांच्या तोंडाशी बसवले तरी पुष्कळ. माणसांची कामं जातील ही भीतीही पटत नाही. सेन्सर फक्त इशारा देईल. भर दुपारी गस्त घालायला आणि नंतर खडी भरायला गँगमनच लागेल.